रादकाचा समुद्र

"हा कसला?" इस्क्राने विचारलं आणि कळ दाबली.

कर्रकन आवाज झाला, मग लोखंडावर लोखंड आपटलं.

"आमचं फाटक," स्तोइमेन म्हणाला. "मी बिजागरीला तेल घालायला गेलो तर रादका अंगावर धावून आली. म्हणाली, इतका चांगला आवाज मारून टाकतोस?"

इस्क्राने संगणकावर 'फाटक' असं लिहिलं.

स्तोइमेनची बायको रादका बाहुल्यांच्या नाटकांना आवाज द्यायची. गाब्रोवो शहरभर फिरून आवाज गोळा करायचे, या काळ्या जड यंत्रात भरायचे आणि प्रयोगाच्या वेळी पियानोसारख्या पट्ट्या दाबून वाजवायचे, हे तिचं काम. यंत्राला दोन ओळींची खिडकी होती आणि तीत नुसते आकडे दिसायचे. कुठल्या आकड्यामागे कुठला आवाज, ते रादकाच्या डोक्यात होतं. तिला जाऊन सहा महिने झाले होते. आता समुद्रकाठच्या बुर्गासच्या नाट्यगृहाने यंत्र मागितलं होतं, आवाजांना नावं लावून.

इस्क्राच्या दुकानात अशा यंत्रांसाठीच केलेला प्रोग्रॅम होता. तार जोडली की आतला एकेक आवाज पडद्यावर डोंगररांगेसारखा उमटायचा. त्याला नाव द्यावं, कापावं, सूर वर-खाली करावा आणि परत यंत्रात धाडावं. पण आवाज ओळखायला घरचंच माणूस हवं होतं.

स्तोइमेन सकाळीच कबरीवर जाऊन आला होता. येताना त्याने कागदी पेल्यात साखर घातलेले उकडलेले गहू आणले होते. "आधी हे खा, पोरी. तिच्या नावाचे आहेत." इस्क्राने उभ्या उभ्या खाल्ले आणि रादकाला शांती चिंतली. मग दोघं कामाला बसली.

"ही शेजारची शेळी. अशीच बेसूर ओरडायची."

"आणि हा?"

"पेना आत्याचा खोकला. तिला सांगू नकोस, पैसे मागेल."

इस्क्रा हसली. बरणीचं झाकण झालं, विहिरीची साखळी झाली, पावातली सुरीसुद्धा झाली. स्तोइमेन प्रत्येक आवाज पहिल्या झटक्यात ओळखत होता. पण यादी सरत आली तसा तो गप्प होत गेला.

"दमलात का काका?"

"नाही." त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. "खरं सांगू? मी नावं सांगायला आलो नाही. या पेटीत मी कुठे आहे का, ते बघायला आलो."

इस्क्राने यादी खाली सरकवली.

"नसणारच म्हणा. जन्मभर बस चालवली. घरी आलो की दारातच ही ओठांवर बोट ठेवायची. म्हणायची, आवाज घेतेय. मी बूट हातात घेऊन आत जायचो. जेवायचो, झोपायचो, पहाटे परत बसवर. मुकाट माणसाचा कसला आवाज मिळणार तिला?"

"एक राहिलाय अजून," इस्क्रा म्हणाली आणि कळ दाबली.

खोलवरून काहीतरी भरत आलं. वाळूगोट्यांवरून घरंगळल्यासारखं पसरलं. मागे सरताना जरासं अडखळलं आणि पुन्हा भरत आलं.

स्तोइमेनचा चेहरा उतरला. "हा समुद्र."

"कुठला?"

"बुर्गासचा, आणखी कुठला? एका उन्हाळ्यात महिनाभर तिकडे होती, तिथल्या नाट्यगृहाच्या कामासाठी. नंतर कोळ्याचं नाटक आलं, त्यात हा होता. मी पाहायला गेलो होतो. समुद्र सुरू झाला आणि सगळी पोरं चिडीचूप. ही अंधारात माझा हात धरून हसत बसली. काय झालं विचारलं तर आणखीच हसायला लागली. तेव्हाच समजलो, तिकडचं काहीतरी आठवतंय."

"काका, एवढ्यावरून असं..."

"मग सांग, यात सगळ्यात मोठा आवाज कुठला?"

इस्क्राने पाहिलं. या जुन्या यंत्रांत जागा फार कमी असते. रादकाने काटकसर करून शेळीचं बें अर्ध्यावर तोडलं होतं, फाटकाची शेपटी छाटली होती. या एका आवाजाला मात्र तिने कुठेच कात्री लावली नव्हती. निम्मी जागा त्यानेच खाल्ली होती.

"हाच," ती म्हणाली.

"झालं तर. मघाशी तू म्हणालीस, एक प्रत मला काढून देते. नको देऊस. सगळं बुर्गासला धाड. त्यांचं त्यांना जाऊ दे."

इस्क्राने वाद घातला नाही. 'समुद्र' असं लिहून तिने नावं यंत्रात पाठवायला सुरुवात केली. "वेळ लागेल, काका. शेगडीजवळ बसा."

"बसतो. ती गेल्यापासून धड डोळा लागत नाही." तो आरामखुर्चीत टेकला. थोड्याच वेळात त्याची हनुवटी छातीवर आली आणि टोपी खाली पडली. इस्क्राने ती उचलून खुंटीला लावली.

परत येऊन बसली तेव्हा तिच्या एक गोष्ट लक्षात आली. समुद्राचा सूर मूळचा नव्हता. रादकाने तो दोन सप्तकं खाली उतरवला होता, म्हणूनच तो इतका खोल आणि संथ वाटत होता. त्याची पाळी येण्याआधी मूळ सूर तपासून घ्यावा म्हणून इस्क्राने तो वर आणला. स्तोइमेनची झोप मोडायला नको, म्हणून हेडफोन घातले आणि कळ दाबली.

समुद्र राहिलाच नव्हता. आता आवाज खरखरीत होता आणि फार जवळचा. वर चढत जायचा आणि उतरताना, जुन्या बसचा गिअर अडावा तसा, एकदा अडखळायचा.

इस्क्राने थांबवायची कळ दाबली. आवाज थांबला नाही. तिने पुन्हा दाबली. पडद्यावर तर सगळं स्तब्ध होतं. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले, तसा तो आणखी मोठा झाला, उतरताना तिथेच अडखळला, आणि तो शेगडीजवळच्या आरामखुर्चीतून येत होता.