कमरेला बांधलेला फोन

"आई, अजून एकदा. विहिरीपर्यंत जायचं आणि परत यायचं."

"पाचव्यांदा!" लीलाबाई म्हणाली. "विहीर काय पळून जाऊन राहिली का रे?"

पण चालली. कमरेला मागून दुपट्ट्यानं फोन आवळलेला. शेजारी तिचा मुलगा संघदीप, तोल गेलाच तर धरायला. म्हाताऱ्या माणसाला एकटं चालवायचं नाही, हा नियम त्याचाच.

फोनला पाऊल कळतं. किती लांब पडलं, किती जोरात, डावं-उजवं सारखं की नाही, सगळं. संघदीप गोंदियाच्या एका कॉलेजात शिकवायचा आणि एका डॉक्टर मित्राच्या मदतीनं त्यानं हे अ‍ॅप बनवलं होतं. त्याच्या गावच्या, सौंदडच्या बावीस म्हाताऱ्यांची चाल मोजून झाली होती. काठी टेकत चालणाऱ्या निर्मलाबाईंचीसुद्धा वयाच्या मानानं ठीक निघाली. आणि धडधाकट लीलाबाईची? पाचही वेळा स्क्रीनवर तेच. डावा पाय आखूड पडतो, तपासणी आवश्यक.

संघदीपनं लगेच डॉक्टर मित्राची वेळ घेतली. पाय अधू होणं म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. दोन वर्षांचा असताना तापात त्याचा स्वतःचा एक पाय लुळा पडला होता. पहिलीत पोरं त्याची नक्कल करत मागून लंगडत यायची, खिदळायची. शाळेत जायचंच नाही म्हणून तो हटून बसला होता. मग थोड्याच दिवसांत ते सगळं थांबलं. दुलीचंद गुरुजींनी पोरांना चांगलं झोडपलं असणार, असं त्यानं धरलं. नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन तो आधी गुरुजींच्या घरी गेला, पाया पडला. "मी काही केलं नाही रे बाबा," गुरुजी म्हणाले. केवढं मोठं मन, असं त्याला वाटलं होतं.

डॉक्टर मित्रानं लीलाबाईची कंबर, गुडघे, नसा, सगळं तपासलं. एक्स-रे काढले. "काहीच सापडत नाही," तो म्हणाला. झालं! संघदीपचा उरलासुरला धीरही सुटला. न सापडणारं दुखणं म्हणजे मोठंच असणार.

"यंदा रोवण्याला जायचं नाही," त्यानं घरी येऊन सांगून टाकलं.

लीलाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. रोवण्याच्या बायांची ती तीस वर्षांपासूनची म्होरकी. चिखलात वाकून भाताची रोपं लावत मागे मागे सरकायचं, आणि कुणाची ओळ वाकडी गेली की आधी हिचा आवाज.

"मंग घरी बसून काय करू? तुह्या फोनले भात भरवू?" डोळ्यांत पाणी होतं, पण जीभ तिखटच. "एक दिवस जाऊ दे मले. बांध फोन कमरेले. दिवसभर राहू दे. मंग त्यालेच इचार."

तेवढं तरी त्याला ऐकावंच लागलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणात बसून त्यानं फोन उघडला. सकाळी घरापासून स्टेशनपर्यंत दोघं सोबत गेले होते. तिथं डावा पाय आखूड. सात चाळीसला तो गोंदियाच्या गाडीत बसला, ती शेताकडे वळली. सात एक्केचाळीसपासून दोन्ही पाय सारखे. तलावाच्या पारीवरून कोसभर चालली, सारखे. भाताच्या बांधीत, चिखलातून मागे सरकली, सारखे. दिवसभर राबून त्याला घ्यायला स्टेशनवर आली, तरी सारखेच. सहा वीसला गाडी आली, तो उतरला. आणि स्टेशनपासून घरापर्यंत पुन्हा डावा पाय आखूड.

असा कुठला रोग गाडीचं वेळापत्रक बघून येतो?

अ‍ॅप तयार झालं तेव्हा पहिली चाल त्यानं स्वतःचीच मोजली होती. त्यानं ती शोधून काढली. आईच्या आलेखावर आपला आलेख ठेवला. केसभरही फरक नव्हता.

"आई," त्यानं फोन तिच्यापुढे धरला. "तुझे पाय ठणठणीत आहेत. खुशाल जा रोवण्याला. पण माझ्यासोबत चालताना तू लंगडतेस. अगदी माझ्यासारखी."

"मी? काहीबी बोलून राहिला!" सुपातले तांदूळ निवडता निवडता ती हसली. मग तिचा हात थांबला. ती जराशी लाजलीच. "अरे माय! सुटलंच नाही का ते अजून?"

"काय सुटलं नाही?"

"तू पहिलीत होता. शाळेत जात नाही म्हणून रडे. मंग मी बी तुह्यासंग तसंच चालाले लागली. रोज, शाळेच्या फाटकापर्यंत. पोट्टे हसले तर दोघायले हसतीन, म्हटलं."

संघदीपला गुरुजींकडे नेलेले पेढे आठवले. गुरुजी खरं तेच बोलले होते. इतकी वर्षं ज्याचे उपकार तो मनोमन मानत आला, ते माणूस इथं मांडीवर सूप घेऊन बसलं होतं. तो वाकला आणि त्यानं तिचे पाय धरले. "नाटकं नको करू," म्हणत तिनं ते मागे ओढले.

"पण आई, मग पोरं हसायची थांबली कशी?"

"त्यायनं इचारलं, मावशी, तुमी काऊन अशा चालता? मी म्हटलं, हसता कायले रे? आमच्या घरची चालच अशी हाय."