वाढलेला आकडा

“धाकट्याला यातलं काही सांगायचं नाही,” थोरला म्हणाला. “एवढं माझं ऐक.”

त्याच्या बायकोने हातातला रिपोर्ट पुन्हा डोळ्यांजवळ धरला. धाकट्या दिराची ती वहिनी, म्हणून दुकानाच्या अख्ख्या गल्लीची वहिनी. सीईए नावाचा रक्तातला तो घटक नवऱ्याच्या ऑपरेशननंतर कधी दोन-तीनच्या पुढे सरकला नव्हता. या वेळी तो एकदम तीसच्या वर गेला होता.

“अहो, तो काय परका आहे?”

“सांगायचं नाही म्हणजे नाही.”

भीतीने माणूस असा वागतो, हे गेल्या दोन वर्षांत वहिनीला पाठ झालं होतं. तिने वाद घातला नाही.

थोरला तसाही या आजाराने शरमिंदाच होता. कर्करोग झाला तोही गुदाशयाचा, चारचौघांत नाव घेता येऊ नये अशा जागी. गिऱ्हाइकांना ‘पोटाचं ऑपरेशन’ एवढंच सांगितलं होतं. धाकटा त्यावरून त्याला छळायचा, “दादा, हृदयाचं काही असतं तर मिरवता तरी आलं असतं.” दोघा भावांचं फोटो-फ्रेमचं दुकान होतं. काच कापायची ती थोरल्याने, लाकूड कापायचं ते धाकट्याने, आणि बोलायचं काम सगळं धाकट्याकडे.

ऑपरेशननंतर ठरावीक काळाने रक्त द्यावं लागायचं. रोग पुन्हा कुठे डोकं वर काढत असेल, तर कधीकधी स्कॅनच्याही आधी हा आकडा चुगली करतो, असं सर्जनबाईंनी समजावलं होतं. थोरल्याला ते नको तितकं समजलं. तपासणी जवळ आली की त्याची झोप उडायची, जेवण जायचं नाही. मागची तपासणी त्याने कामाचं निमित्त करून टाळली होती. म्हणून या वेळी वहिनीने पळवाटच ठेवली नाही, लॅबच्या मुलीला थेट दुकानात पाठवलं. मुलगी नवीन होती. तिने नाव विचारलं, नाव सांगितलं गेलं, बाही वर झाली आणि चहा निवायच्या आत काम आटोपलं.

“दिलंत का रक्त?” संध्याकाळी वहिनीने विचारलं होतं.

“गेलं एकदाचं,” थोरला म्हणाला होता.

आता सर्जनबाईंना दाखवल्यावर त्यांनी धीर दिला, पण खोटा नाही. हा आकडा म्हणजे कर्करोग नव्हे, दुसऱ्या कारणांनीही तो वाढतो, मात्र इतका वाढला की शोध घ्यायलाच हवा, असं त्या म्हणाल्या. पुन्हा रक्त आणि स्कॅन, दोन्ही करायचं ठरलं. सुई पाहून तोंड फिरवणारा थोरला या वेळी स्वतः लॅबमध्ये गेला आणि मुकाट्याने हात पुढे करून बसला. ते बघून वहिनीला भडभडून आलं.

रिपोर्ट येईपर्यंत दुकानात त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कधी नव्हे त्या चांगल्या काचा त्याच्या हातून फुटल्या. तो धाकट्याकडे बघत राहायचा, आणि धाकट्याने वर पाहिलं की मान खाली घालायचा. एकदा त्याने, बरा आहेस ना, असं विचारलं, तर धाकटा हसला.

“पेशंट नक्की कोण आहे, दादा?”

असं म्हणून त्याने आपला डबा अर्धा ठेवून बंद केला. हल्ली तो अर्धाच डबा खायचा. याला काहीतरी कुणकुण लागली असणार, भावाच्या काळजीने घास उतरत नसणार, असं वहिनीने ओळखलं. सांगून टाका त्याला, म्हणून ती नवऱ्याच्या मागे लागली.

“जीभ रेटत नाही,” थोरला म्हणाला.

“आजारपणाची कसली लाज?”

थोरल्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

सर्जनबाईंकडे जायच्या दिवशी धाकट्याने दुकान बंद ठेवून दोघांना गाडीने आणलं. नेहमीची तपासणी आहे, एवढंच त्याला सांगितलं होतं. तो बाहेरच्या बाकावर बसला आणि शेजारच्या आजोबांना हसवू लागला. त्याचा आवाज आत खोलीपर्यंत येत होता.

स्कॅन स्वच्छ होता. दुसऱ्या वेळचा आकडाही दोनच्या आसपास होता.

वहिनीने आधी डोळे पुसले आणि मग लॅबवर तोंडसुख घेतलं. माणसाच्या जिवाशी खेळ चालवलाय, त्या पोरीला धड नळीवर नाव लिहिता येत नाही, असं बरंच काही ती बोलली. सर्जनबाईंनाही तेच वाटत होतं. नळ्यांची अदलाबदल झाली असावी, आपण लॅबला कळवू, त्या मुलीला जाब विचारला जाईल, असं त्या म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष थोरल्याकडे गेलं.

“तुम्हाला आनंद झालेला दिसत नाही.”

“त्या मुलीची काही चूक नाही,” थोरला म्हणाला. त्याने बायकोकडे पाहिलं नाही. “मला सुईची भीती नव्हती हो, रिपोर्टची होती. म्हटलं, या खेपेपुरता चांगला रिपोर्ट येऊ दे, घर शांत राहील. सांगायला शरम वाटते. स्कॅनच्या मशीनमध्ये पडलो होतो ना, तेव्हा एकच मागत होतो, काय निघायचं ते माझ्यातच निघू दे.”

“म्हणजे? मला कळलं नाही,” सर्जनबाई म्हणाल्या.

बाहेर आजोबा खो-खो हसले. थोरल्याने तोंडावरून हात फिरवला.

“बाहेर माझा धाकटा भाऊ बसलाय, त्याला आत बोलवा,” तो म्हणाला. “ते रक्त त्याचं होतं.”