दुसरा तांब्या

निवृत्तीनंतर तीन वर्षं वाघचौरे सर नाशिकभोवतीच्या पायवाटांचं पुस्तक लिहीत होते. सुरगाण्याकडची शेवटची वाट पुन्हा तपासून ते पाड्यावरच्या विठाबाईच्या ओट्यावर टेकले. तिने नेहमीसारखा पाण्याचा तांब्या पुढे केला. घटाघटा पिऊन त्यांनी छपाईआधीच्या प्रतीतलं वाक्य वाचून दाखवलं, “विठाबाईंकडे थंड पाणी हमखास मिळतं.” “किती माणसं येतील, सर?” “रविवारी तीसेक तरी.” ती दरीतल्या विहिरीकडे उतरणाऱ्या घसरणीकडे बघत राहिली. “मंग चार खेपा वाढतील. येऊ द्या. पाण्याला नाय म्हणू नाय.” सरांनी पेन काढलं, ते वाक्य खोडलं आणि ‘पाणी सोबत न्यावे’ असं लिहिलं. ते उठले, तशी तिने तीन वर्षांच्या सवयीने दुसरा तांब्या भरला, त्यांचे पाय धुवायला. “नको,” म्हणत त्यांनी धुळीसकट पाय चपलांत सरकवले.