तोंडभर कौतुक

"यंदाचा किताब तुमच्या लेकीलाच ना, मेस्त्री?" कार-रॅलीच्या शेवटच्या फेरीआधी निवेदकाने माइक पुढे केला.

मेस्त्रींनी तोंड वाकडं केलं. "कसला किताब! वळणावर गाडी आवरत नाही तिला." लेकीला दृष्ट लागू नये म्हणून वर्षभर ते हेच सांगत होते, आणि ती जिंकत होती.

"मग गुणांत बरोबरीला असलेला घाटगे?"

मेस्त्रींचे डोळे लुकलुकले. "वाघ आहे वाघ! स्टेअरिंगवर असा हात चाळीस वर्षांत बघितला नाही. किताब त्याचाच!"

लाउडस्पीकरवर हे ऐकताच घाटगेची आई मीठ-मिरच्या घेऊन गाडीकडे धावली. तिचं सात वेळा ओवाळून होईतो पोराची सुटायची वेळ टळली, दहा सेकंदांचा दंड बसला. मेस्त्रींची लेक चार सेकंदांनी जिंकली.

"आता राष्ट्रीय किताब?"

"छे हो!" मेस्त्री पेढा मोडत म्हणाले, "तिला गाडी कुठं येते?"