नवा शर्ट

उड्डाणशाळेसाठी पाच विमानतळ नाकारल्यावर कप्तान लाक्सामाना नाइलाजाने मिंडोरो बेटावरच्या त्या विमानतळावर आला. अकरा वर्षं तो इकडे फिरकला नव्हता. धावपट्टी लांब, डोंगर दूर, पुढे समुद्र. तरी त्याने पाहणीच्या वहीत लिहिलं, ‘वारा वाईट.’ धावपट्टीवर भात वाळवणारी जोविटोची आई वहीत डोकावली. “वाऱ्याला कशाला बोल लावता, कप्तान? तेव्हाही तो चांगलाच होता.” जोविटो कप्तानाचा विद्यार्थी, अकरा वर्षांपूर्वी इथून पहिल्यांदाच एकटा उडाला आणि समुद्रात कोसळला. असं एकटं उडून उतरणाऱ्याच्या शर्टाचं मागचं टोक गुरूने कापायचं, अशी वैमानिकांची रीत. म्हातारीने घरातून इस्त्रीचा पांढरा शर्ट आणला. “तुम्ही कापणार म्हणून लबाडाने त्या दिवशी जुनाच घातला. हा नवा तसाच राहिला.” तिने कात्री पुढे केली. “तो उतरलाच नाही, नानाय,” तिला तिथल्या बोलीत ‘आई’ म्हणत कप्तान पुटपुटला. “पण गेला तर एकटाच ना?”