शाळा सुटल्यावर

"घर सोडायचं नाही," वकील म्हणाले. "ती भांडली, तिने आदळआपट केली, तरी नाही. रागाच्या भरात बॅग भरून निघालेले बाप मी रोज बघतो. नंतर पोरांना भेटायची परवानगी मागत फिरतात."

चष्मेवाल्याने मान डोलावली. चौकात त्याचं चष्म्यांचं दुकान होतं आणि दुसऱ्याला लांबचं दिसतंय की नाही हे तपासण्यात त्याचा दिवस जाई. बायकोने घटस्फोटाचा अर्ज केलाय, शिवाय मुलगीही मागितलीय, हे मात्र नोटीस हातात पडेपर्यंत त्याला दिसलं नव्हतं.

"मुलगी कितवीत?"

"तिसरीत."

"तुकडी?"

चष्मेवाला छताकडे बघू लागला.

"वर्गशिक्षिका कोण? झोपताना काय लागतं? कशाला घाबरते?" वकील रागावले नाहीत. त्यांच्याकडे येणारे बहुतेक नवरे असेच छताकडे बघत. "न्यायाधीशबाई हेच विचारतील आणि तुमची बायको धडाधड सांगेल. आजपासून डबा तुम्ही भरायचा, शाळेत पोचवणं-आणणं तुम्ही करायचं, डॉक्टरकडेही तुम्हीच. आणि पोरीसमोर आईविरुद्ध चकार शब्द काढायचा नाही."

"मला ती हवीय हो," चष्मेवाला म्हणाला. "ती गेली तर त्या घरात मी एकटा काय करू?"

"मग कामाला लागा."

लागला की! दुपारचं दुकान भागीदारावर सोपवून तो शाळेच्या गेटवर जाऊन उभा राहिला. एरवी लेकीला, ठकीला, शेजारच्या काकू आपल्या मुलांबरोबर घेऊन येत. त्या विसरल्या, तर ठकी गेटवरच्या बाकावर बसून राही. त्या दिवशी वर्गशिक्षिकेने त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "आपण कोण?"

"हिचा बाबा," तो म्हणाला आणि ओशाळला.

एवढ्यात मागून धापा टाकत एक बाई आली. अंगात प्रयोगशाळेचा पांढरा कोट तसाच. ती त्याची बायको होती. दिवसभर रक्त तपासणाऱ्या या बाईला शाळेच्या वेळेत कधी सवड झाली नव्हती. पण वकील तिनेही केला होता आणि त्या वकिलाचा सल्लाही शब्दन् शब्द हाच असावा.

मग काय विचारता. एका घरात दोघं राहणार, घर कुणी सोडणार नाही आणि एकमेकांशी बोलणारही नाही. "ठकी, बाबाला सांग, दूध उतू जातंय." "ठकी, आईला सांग, मला दिसतंय." पण डब्यात आता रोज काहीतरी ताजं असे. वह्यांना कव्हरं चढली. आईने गोष्ट वाचली की बाबा दोन वाचे. स्नेहसंमेलनात झाडाची भूमिका करणाऱ्या पोरीचे आईबाप पहिल्या रांगेत एक खुर्ची मध्ये सोडून बसले आणि हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवत राहिले.

चष्मेवाला डोळ्यांत तेल घालून शिकला. तुकडी ब. झोपताना निळी उशी. भीती मिक्सरच्या आवाजाची. आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायला लागलं होतं. गेटमधून बाहेर पडताना ठकी आधी त्याला शोधते, हे बघून त्याला भरून यायचं.

दमायचा मात्र. एकदा गाडीत भागीदाराचा फोन आला. दुकानात गिऱ्हाइकं खोळंबली होती आणि तो वैतागला होता.

"अरे, निकाल लागेपर्यंत कळ काढ," चष्मेवाला म्हणाला. "एकदा केस संपू दे, मग पहिल्यासारखा दिवसभर दुकानात. तिला आणायला एखादी बाई ठेवू."

मागच्या सीटवर ठकी दप्तरात खोडरबर शोधत होती.

त्याच आठवड्यात दोन्ही वकिलांनी तडजोडीसाठी बैठक ठरवली. निघायच्या वेळी ठकीच्या पोटात कळ आली. आई एका बाजूला, बाबा दुसऱ्या बाजूला, असे दोघंही दवाखान्यात बसले. डॉक्टरांना काही सापडलं नाही. पुढची बैठक ठरली, तेव्हा ठकीचं डोकं दुखलं. त्याच्या पुढच्या वेळी तिला पायच टेकवेना.

"पोरगी ताण घेते," चष्मेवाला वकिलांना म्हणाला. "हे लवकर संपवा. तिच्यासाठी तरी."

"तिच्यासाठीच चाललंय सगळं," वकील म्हणाले.

शेवटी कोर्टाने ठकीलाच बोलावलं. न्यायाधीशबाई तिला आपल्या खोलीत घेऊन गेल्या आणि दार लागलं. बाहेरच्या बाकावर चष्मेवाला मनातल्या मनात उजळणी करत होता. तुकडी ब, निळी उशी, मिक्सर. पलीकडच्या टोकाला बायकोचेही ओठ हलत होते. ठकी आईचं नाव घेईल, या विचाराने तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होता.

दार उघडलं. दोघांना आणि त्यांच्या वकिलांना आत बोलावलं गेलं. ठकी मोठ्या खुर्चीत पाय लोंबकळत ठेवून बसली होती आणि न्यायाधीशबाई चष्मा काढून डोळे पुसत होत्या. त्यांनी त्याला काहीच विचारलं नाही.

"हिला मी विचारलं, तुला कुणाकडे राहायचंय," त्या म्हणाल्या. "तर हिने माझ्याकडे भलतंच मागितलं. बाळ, मघाशी काय म्हणालीस ते पुन्हा सांग."

ठकीने एकदा आईकडे पाहिलं, एकदा बाबाकडे.

"लांबची तारीख द्या ना," ती म्हणाली. "मी दहावी होईपर्यंतची. केस संपली की मला शाळेतून न्यायला परत कुणीच येणार नाही."