आजोबांचं फिशैरू

"मॅडम, फाइल उघडली की कॉम्प्युटर प्रोग्रामच्या हाती 'हँडल' देतो, मग पोर्तुगीज कॉम्प्युटर काय देतो?"

मैत्रिणींनी डिवचलं म्हणून शर्वाणीने भर वर्गात विचारलं. मॅडम हसल्या, "तुझे आजोबा पणजीत पोर्तुगीज शिकलेले ना? घरी त्यांनाच विचार!"

आजोबांना? आजी गेल्यापासून त्यांनी पोर्तुगीजचा शब्दही उच्चारला नव्हता. तरी तिने मोबाइलवर शोधून त्यांना ऐकवलं, "फाइलच्या हँडलला म्हणे 'देस्क्रितोर द आर्किवू'."

"आर्किवू? ते ब्राझीलवाल्यांचं!" आजोबा ताडकन उठून बसले. "फाइलला आमचा शब्द फिशैरू!" मग निघालं पणजीचं वाचनालय, तिथले कार्डांचे लाकडी खण, म्हणजेच फिशैरू, खण काढला की मिळणारा नंबराचा पितळी बिल्ला. "बिल्ला हातात, तोवर खण तुझा. तुमचा कॉम्प्युटर वेगळं काय करतो गो?"

बोलता बोलता ते पोर्तुगीजमध्येच शिरले, जणू समोर आजीच बसलीय. शर्वाणीला एक अक्षर कळेना, पण त्यांचा चेहरा विशीतला झाला होता. मग ते थबकले. उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

जेवताना बाबा म्हणाले, "अकरावीला फ्रेंच ठरलं ना?"

"रद्द! आई, तूही ऐक. मी पोर्तुगीज घेतेय. आजोबांशी बोलायला घरात कुणीतरी हवंच."